घटना अहवालात मुलांचा रकाना आहे, तो भरल्यावर पुढे काय? नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी, नाशिक यांना,
आणि बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, संरक्षण अधिकारी, पोलिस स्टेशनातले बालकल्याण पोलिस अधिकारी, या सगळ्यांनाही,

नमस्कार.

मी सिडकोतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते, बावीस वर्षं झाली. घरात आईला मारहाण होते तेव्हा आईसाठी काम करणारी सरकारी माणसं आणि मुलांसाठी काम करणारी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, त्याबद्दल हे पत्र आहे. ते लिहायला बसले त्याचं कारण एक दप्तर आहे.

चौथीच्या वर्गात एक मुलगी होती (ओळख पटू नये म्हणून वर्ष आणि काही तपशील बदललेत). दप्तराचं ओझं तपासायचं म्हणून मी एक दिवस सगळ्यांची दप्तरं हातात घेऊन बघत होते, तर हिचं जास्तच जड लागलं. उघडलं तर पुस्तकं कमी आणि सगळ्यात खाली, कंपासपेटीच्या खाली, दुधाच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेलं रेशनकार्ड, तिघांची आधार कार्डं, लहान भावाचं लसीकरणाचं कार्ड, भावाची एक चड्डी आणि वीसच्या तीन नोटा. मी विचारलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "बाई, रात्री निघायला लागलं तर घाईत सापडत नाही." नऊ वर्षांची पोर. पाऊस येईल म्हणून छत्री आणली असं कोणी सांगावं ना, तसं सांगितलं तिने. रडली नाही, काही नाही. मी ते सगळं होतं तसं परत गुंडाळून ठेवलं आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊन बसले, मला डबा खाववला नाही.

त्यानंतर दीड वर्ष मी त्या मायलेकींसोबत जमेल तसं फिरले, आणि जे बघितलं त्यावरून लिहितेय. कुठल्या ऑफिसात कोण काय म्हणालं ते नावानिशी लिहिणार नाही, कारण भेटलेली बरीच माणसं मनापासून काम करणारी होती. माझी तक्रार माणसांबद्दल नाहीये, ती माणसं एकमेकांशी बोलत नाहीत याबद्दल आहे.

आईने पोलिसांच्या ११२ ला फोन केला होता, एकदा नाही, दोनदा. पोलिस आले, नवऱ्याला समज दिली, आईला म्हणाले सकाळी स्टेशनला या. त्या वेळी दोन्ही मुलं बाथरूमच्या दाराआड उभी होती. मुलीने मला नंतर सांगितलं की भावाच्या तोंडावर हात ठेवला होता, तो रडला असता तर पप्पा परत चिडले असते. घरात मुलं आहेत का, किती आहेत, कुठे आहेत, ठीक आहेत का, हे कोणी विचारलं नाही. वाईट हेतूने नाही हो, पण तक्रार बाईची होती, म्हणून बाईकडेच बघितलं गेलं.

मग स्टेशन झालं, समुपदेशन झालं, सिव्हिलला जाऊन तपासणी झाली, संरक्षण अधिकाऱ्यांनी घटना अहवाल भरला (घरात काय घडलं त्याची कायद्याने ठरवलेल्या फॉर्ममधली नोंद), मग सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. ही सगळी आईची बाजू. आणि त्याच काळात कोणीतरी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, कळवलं, बहुतेक शेजारच्यांनी, तर मुलांची चौकशी करायला एक ताई शाळेत आल्या. चांगल्या होत्या, मुलीशी खाली बसून बोलल्या. मी त्यांना विचारलं की आईची कोर्टात केस चालू आहे, तिचा अहवाल झालाय, तो तुम्ही बघितलाय का? त्या म्हणाल्या, "नाही मॅडम, ते महिलांचं वेगळं असतं."

ते वेगळं असतं. हे वाक्य त्या दीड वर्षात मी इतक्या टेबलांवर ऐकलं! नासर्डी पुलाजवळ समाजकल्याणच्या आवारात जे ऑफिस आहे त्याच्या नावातच 'महिला व बाल विकास' असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत, खातं एकच आहे, आणि मार बसतो ते घर पण एकच आहे. फक्त फायली दोन आहेत. आणि त्या दोन फायलींच्या मधे ती नऊ वर्षांची मुलगी, तेच सगळं पहिल्यापासून, माझ्या मोजणीप्रमाणे सहा जणांना सांगत होती. चौथ्या वेळेपासून ती फक्त "हो" आणि "नाही" म्हणायला लागली. अशा उत्तरांवरून कागदावर काय लिहिलं जात असेल, तुम्हीच विचार करा.

मी कायद्याची माणूस नाही, पण या निमित्ताने वाचत गेले, विचारत गेले. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्या कायद्याचा जो घटना अहवालाचा फॉर्म आहे त्यात मुलांची माहिती लिहायला जागा आहे. किती मुलं, नाव काय, वय काय, सध्या कोणाजवळ राहतात. म्हणजे फॉर्म बनवणाऱ्याला माहिती होतं की या घरात मुलं असणार. आता तो फॉर्म जातो कुठे, तर कलम ९ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आणि प्रती त्या हद्दीतल्या पोलिस स्टेशनला आणि सेवा देणाऱ्या संस्थांना. बाल कल्याण समितीचं किंवा बाल संरक्षण कक्षाचं नाव त्या यादीत नाहीच. रकाना भरतात, सही होते, आणि मुलांची नावं आईच्या फायलीत जाऊन बसतात, मुलांसाठी जे काम करतात त्यांना ती कधी दिसतच नाहीत.

दुसरीकडे बाल न्याय कायदा २०१५ चा. ज्याच्याबरोबर मूल राहतं त्यानेच मुलाला इजा केली, छळ केला किंवा दुर्लक्ष केलं तर ते मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं, आणि बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलाबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, आणायचं तर चोवीस तासांच्या आत आणायचं. उत्तम आहे. पण या बाजूच्या कागदात आई कुठे असते? बऱ्याचदा 'पालक' या एका शब्दात. मारणारा आणि मार खाणारी दोघंही पालक, आणि मुलाला जपण्यात कमी पडलेलेही दोघंच.

आणि इथेच खरी भीती आहे, जिल्हाधिकारी साहेबांनी ही गोष्ट नीट ऐकावी अशी माझी विनंती आहे. आमच्या भागातल्या आयांना नवऱ्याच्या माराइतकीच भीती मुलं जाण्याची असते. नवरेच तसं भरवतात त्यांच्या डोक्यात, "कर कम्प्लेंट, मुलं उंटवाडीला रिमांड होमात जातील, मग बस रडत." त्यामुळे शाळेत आम्ही मुलाच्या अंगावरचा वळ बघून आईला बोलावलं की ती पहिलं वाक्य बोलते, "पडला तो बाई." ती खोटं बोलते कारण तिला वाटतं की खरं बोललं तर तिचं लेकरू तिच्याकडून जाईल.

ही भीती नुसती अडाणीपणाची नाहीये बरं का. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात नेमकं असंच होत होतं, मुलाने घरात मारहाण बघितली म्हणजे आईने त्याची काळजी घेतली नाही असा ठपका ठेवून मार खाल्लेल्या बायकांचीच मुलं काढून घ्यायचे. शेवटी त्या आया कोर्टात गेल्या आणि २००४ मध्ये तिथल्या राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने स्पष्ट केलं की मुलाने मारहाण पाहिली एवढ्यावरून आईने दुर्लक्ष केलं असं म्हणता येणार नाही. आपल्याकडे बाल न्याय कायद्यात तर आधीपासूनच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. मग हे आयांना कोण सांगणार? आणि हे तर कोणीच सांगत नाही की ज्या समितीची एवढी भीती वाटते तिच्याच माध्यमातून मूल आईजवळ राहावं म्हणून पैसे मिळू शकतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व आहे ४,००० रुपयांचं. अटी आहेत, प्रत्येकीला मिळेल असं नाही, मान्य. पण घरातून निघालेल्या बाईला पहिल्या महिन्यात खोलीचं भाडं कुठून द्यायचं हा प्रश्न असतो, आणि आमच्या मुलीच्या आईला या योजनेचं नाव कळलं अकराव्या महिन्यात, ते पण माझ्याकडून, आणि मला कळलं एका अंगणवाडी सेविकेकडून. कोर्टाच्या बाजूच्या कोणालाही हे सांगायचं सुचलं नाही, कारण ते मुलांचं वेगळं असतं.

आता शाळेच्या गेटवरचा प्रसंग सांगते. कोर्टाने आईला संरक्षणाचा आदेश दिला होता, मुलांचा तात्पुरता ताबा पण तिच्याकडे दिला होता, २००५ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये तशी सोय आहे. तो कागद आईच्या पर्समध्ये, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. शाळेकडे काहीच नाही. एक दिवस साडेबाराला शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी वडील स्कूटीवर आले, गेटवरच्या मावशींना म्हणाले आजी सिरीयस आहे, पोरीला न्यायचंय. वडीलच ते, ओळखपत्र दाखवलं, मावशी आत सांगायला आल्या. मी मुलीला हाक मारली. ती उठली, दप्तर घेतलं, दोन पावलं चालली आणि खिडकीतून स्कूटी दिसल्यावर जागेवरच उभी राहिली आणि तिचा युनिफॉर्म ओला झाला. चौथीतली मुलगी, सगळ्या वर्गासमोर.

मी तिला पाठवलं नाही, मुख्याध्यापकांनी गेट बंद केलं, आईला फोन केला. पण त्या दिवशी मी रजेवर असते तर? दुसऱ्या बाईंनी पाठवलंच असतं आणि त्यांची काही चूक नसती, कारण कोर्टाचा आदेश शाळेपर्यंत पोचवायची जबाबदारी कोणाचीच नाहीये. कोर्टाने वडिलांना मुलाच्या शाळेत जायला बंदी घातली, तरी शाळेला सांगणार कोण? आईने स्वतः झेरॉक्स आणून द्यायची. तिला एक तर कोणी सांगितलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे तिला शाळेत 'असल्या घरातली मुलं' असं व्हायला नको होतं.

इंग्लंडमध्ये प्लिमथ नावाच्या शहरात २०११ मध्ये एक मुख्याध्यापिका आणि पोलिसात असलेले त्यांचे मिस्टर, दोघांनी मिळून एक साधी पद्धत सुरू केली. रात्री पोलिस एखाद्या घरी मारहाणीच्या कॉलवर गेले आणि घरात शाळेत जाणारं मूल असेल तर दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी शाळेतल्या एका ठरलेल्या माणसाला कळवायचं. बस एवढंच. शाळेने चौकशी करायची नाही, मुलाला खोदून विचारायचं नाही. फक्त त्या दिवशी गृहपाठ झाला नाही म्हणून उभं करायचं नाही, खायला आहे का बघायचं, ओळखीच्या बाईंनी जवळ असायचं. ही पद्धत पुढे तिकडे देशभर पसरली, आणि २०२१ च्या त्यांच्या कायद्यात तर घरातली हिंसा बघणारं, ऐकणारं, तिचे परिणाम भोगणारं मूल हे स्वतःच पीडित आहे असं लिहिलंय. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातली ती सगळी मुलं आठवली ज्यांना मी डबा नाही, वही नाही, झोपतोस काय म्हणून रागावले होते. माझ्याकडे सकाळी एक फोन आला असता तर मी नसते रागावले.

आपल्याकडे हे होऊ शकत नाही असं म्हणू नका प्लीज. २०२३ मध्ये १०९८ सरकारने स्वतःकडे घेतली आणि ११२ शी जोडली, म्हणजे तार जोडलेलीच आहे. प्रत्येक पोलिस स्टेशनला बालकल्याण पोलिस अधिकारी नेमायचा हे बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ मध्ये आहे. मुंबईत १९८४ मध्ये, म्हणजे हे दोन्ही कायदे यायच्या कितीतरी आधी, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने पोलिसांच्याच आवारात समाजसेविका बसवून महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता, महिला आणि मुलं दोन्ही, एकाच नावात. हे आपल्याच महाराष्ट्रात झालंय.

आणि नाशिकला एकत्र बसायचं कोणी शिकवायला हवं का? २०१५ चा सिंहस्थ आम्ही पाहिलाय. पोलिस, महापालिका, एसटी, रेल्वे, आरोग्य, सगळे एका आराखड्यावर काम करत होते, रामकुंडावर मूल हरवलं तर ते कुठल्या खात्याचं असं कोणी विचारत बसलं नाही. आता २०२७ च्या सिंहस्थाचं काम चालूच आहे. लाखो अनोळखी लोकांसाठी जे जमतं ते आपल्याच गल्लीतल्या पोरांसाठी जमायला काय हरकत आहे?

मी तुम्हालाच का लिहितेय तेही सांगते. बाल न्याय कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे, आणि तेव्हापासून या यंत्रणांमध्ये मेळ घालायचं आणि समितीच्या कामाचा आढावा घ्यायचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मिशन वात्सल्यच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष पण तुम्हीच. म्हणजे दोन्ही फायली मागवून एका टेबलावर ठेवायचा अधिकार असलेला माणूस या जिल्ह्यात एकच आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. घटना अहवालात मुलांचा रकाना भरलेला असेल तर आईला विचारून, तिची हरकत नसेल तर, त्याची माहिती त्याच आठवड्यात बाल संरक्षण कक्षाला जावी. विचारून हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, तिला न सांगता गेली तर ती पुढच्या वेळी ११२ ला फोनच करणार नाही. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही. मुलाशी बोलायचं ते एकदा, नीट माणसाने, नीट जागी, आणि ते लिहिलेलं बाकीच्यांनी वापरावं. कोर्टाच्या आदेशात मुलं असतील तर त्याची प्रत संरक्षण अधिकाऱ्यांनी शाळेत मुख्याध्यापकांच्या हातात द्यावी, बंद पाकिटात, आणि शाळेत ते दोघांपेक्षा जास्त जणांना कळू नये. आईचा नवीन पत्ता, मुलांची नवीन शाळा हे कुठल्याही कागदावरून वडिलांना दिसणार नाही याची खात्री करावी, अशा गोष्टी बारीक वाटतात पण याच्यातच घात होतो.

महिन्यातून एकदा दोन तास, ज्या घरात धोका जास्त आहे तेवढ्याच केसेस घेऊन, सगळ्यांनी बसावं. पोलिस, संरक्षण अधिकारी, वन स्टॉप सेंटर (मार खाल्लेल्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र), बाल संरक्षण कक्ष, समितीचं कोणीतरी, सिव्हिलचं कोणीतरी, आणि त्या मुलाच्या शाळेचं किंवा अंगणवाडीचं माणूस. प्रत्येक घरासाठी एक माणूस ठरवावा, ज्याचा नंबर आईकडे असेल. आज तिच्याकडे आठ नंबर आहेत आणि रात्री अकराला त्यातला कुठला लावायचा हे तिला कळत नाही.

आणि मोठ्या मुलांचं काय ते बघा. वन स्टॉप सेंटरला जास्तीत जास्त पाच दिवस राहता येतं, आणि मुलगा ठराविक वयाच्या पुढचा असेल तर त्याला आईबरोबर ठेवत नाहीत. नियमामागचं कारण मला समजतं. पण चौदा वर्षांचा मुलगा त्या घरात बापाजवळ ठेवून कुठली आई निघेल? माझ्या माहितीतली एक बाई या एका कारणाने तीन वर्षं निघाली नाही. तिचा मुलगा आता मधे पडायला लागलाय, बापाचा हात धरतो. पुढे काय होऊ शकतं हे लिहायला माझा हात धजत नाही.

हे सगळं मी शहरातलं सांगितलं, जिथे रिक्षाने नाहीतर सिटीलिंकच्या बसने सीबीएसला पोचता येतं. सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या पाड्यावरच्या बाईला एका तारखेसाठी पूर्ण दिवस आणि दिवसाची मजुरी जाते, मुलांना कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. पंधरा तालुक्यांचा जिल्हा आहे आपला. तिकडे आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांनाच आधी कळतं, त्यांना विचारा, पण त्यांच्यावर अजून एक रजिस्टर टाकू नका, कळवायचं कोणाला एवढं पक्कं सांगा आणि कळवल्यावर त्यांचं नाव बाहेर येणार नाही हे बघा, त्यांना त्याच गावात राहायचं असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५, २०१९-२१) देशात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्क्यांहून जास्त जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय. माझ्या वर्गात यंदा ४२ मुलं आहेत. टक्केवारी अशी सरळ एका वर्गाला लावता येत नाही हे मला कळतं, तरी हजेरी घेताना मी मनात बारापर्यंत मोजते.

त्या मुलीचं विचाराल तर ती आता दुसऱ्या शाळेत आहे, आई-भावासोबत, कुठे ते लिहीत नाही. मध्यंतरी भेटली होती. मी न राहवून दप्तर उचलून बघितलं. अजून जडच होतं, मी उघडून बघितलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी एक बैठक लावा, एवढी विनंती आहे. शिक्षकांपैकी कोणी यायला हवं असेल तर मी येते, सुट्टीच्या दिवशी ठेवली तरी येते. आणि पोलिसांचा तो सकाळचा फोन सुरू करायचा ठरलं तर आमची शाळा सातला भरते, मी साडेसहापासून शाळेत असते.

आपली,
एक शिक्षिका
सिडको, नाशिक